दुखणं ठेवायचं कुठं

पारूबाई दारू बसून प्यायची नाही. संध्याकाळी उसाच्या फडातून आली की ती डोक्याचं फडकं सोडायची, चुलीमागचा स्टीलचा पेला उचलायची, कोपीच्या लाकडी मेढीला पाठ लावून उभी राहायची आणि डोळे मिटून एका दमात पेला रिकामा करायची. वर गुळाचा खडा तोंडात टाकायची आणि लगेच काटवटीत पीठ घ्यायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काढा असेल. वास विहिरीपर्यंत आला तेव्हा कळलं. मी बघतेय हे लक्षात येऊनही ती ओशाळली नाही. म्हणाली, "बसून पेतो त्यो दारुडा, वहिनी. हुभ्यानं घेत्यात ते औशिद."

आमचं गाव पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला. घरचा ऊस आहे. दिवाळी सरली की खर्ड्याकडची तोडणीची टोळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून येते आणि आमच्या विहिरीजवळच्या मोकळ्या रानात कोप्या घालते. कोपी म्हणजे वाकून आत जावं लागेल एवढी पाचटाची झोपडी. टोळी यायच्या आधी मोटार तपासणं, नळाला तोट्या बसवणं, दिव्याची वायर ओढणं, बायकांच्या न्हाणीला आडोसा करणं, अशी माझी कामं ठरलेली असतात. ती मी स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवून लिहिते आणि झाली की त्यांवर रेघ मारते. पारूबाईला अक्षर येत नव्हतं, पण त्या कागदाची तिला भारी मौज वाटायची. ताक मागायला आली की आधी दाराकडे बघायची आणि विचारायची, "आज किती कामं मारली, वहिनी?"

अंगानं बारकी, पन्नाशीच्या आतली, उन्हानं रापलेली. नाकात चमकी. चालायची अशी की मागचीला पळावं लागे. टोळीचा मुकादम वेगळा होता, पण कुणाची कोपी कुठं, पाणी आधी कुणी भरायचं, भांडणात कोण खरं, हे सगळं तीच ठरवायची. एकदा आमच्या ह्यांनी विचारलं, टोळीचा मुकादम कोण? तिनं लांब उभ्या असलेल्या त्या माणसाकडे हनुवटी केली. "मुकादम त्यो हाय. ऐकायचं माझं."

तोडणीत पुरुष ऊस तोडतात आणि बायका त्याच्या मोळ्या बांधतात. पुढचं काम कठीण. ट्रॉली आली की फळी लावायची आणि ती मोळी डोक्यावर घेऊन त्या फळीवरून वर चढायचं. मोळी जड, फळी अरुंद, आणि खाली उतरलं की दुसरी मोळी तयार. बाई दिवसभर वाकलेली असते आणि संध्याकाळी मान ताठ धरून ओझं नेते. कोपीवर आल्यावर तिला बसताही येत नाही आणि झोपताही येत नाही. मग पुरुष बाटली आणत. ते गोलात बसून पीत, ती दारू. त्याच बाटलीतलं पेल्यात ओतून बायकांना मिळे, ते औषध. बाटली एक, नावं दोन. पारूबाईच्या शेजारच्या कोप्यांतही हेच होतं. कुणी त्यावर कुजबुजत नव्हतं, कारण कुणाला त्यात काही लपवण्यासारखं वाटतच नव्हतं.

मी एकदा तिला म्हटलं, रोज रोज हे बरं नाही. तिनं माझ्या गुडघ्याकडे बघितलं. "तुमी सांजच्याला तेल लावता का न्हाई? तुमी भाईरून लावता, मी आतून लावते." गुडघ्याला तेल लागतंच मला.

त्या हंगामात तिचा मुलगा दत्ता लग्न होऊन पहिल्यांदाच बायकोला घेऊन आला. सोनाली तिचं नाव. कोवळी पोर, आणि आल्या आल्याच दिवस राहिलेले कळले. पारूबाईचा तोरा काय सांगावा. सुनेसाठी माझ्याकडून लिंबाचं लोणचं नेई, आवळे नेई, आणि वर ऐकवी, "माझ्या वक्ताला मला चिंच बी कुनी दिली न्हाई. मी हिला समदं देनार हाय."

संक्रांतीला वाण द्यायला ती घरी आली तेव्हा मी तिचे डोळे पाहिले. हळद घातल्यासारखे पिवळे. पावलं सुजलेली, जोडवी बोटात रुतलेली. मी विचारलं तर म्हणाली, कावीळ झालीय, माळ घातलीय, उतरंल.

आमच्या भागात काविळीची माळ अजून चालते. कसल्याशा काड्यांचे तुकडे दोऱ्यात ओवून ती डोक्यावर ठेवतात. गाठी सैल होत जातात, माळ मोठी होते, गळ्यात येते, छातीवर येते, आणि पायापर्यंत उतरली की कावीळ उतरली. शेजारच्या गावात एक म्हातारी ती घालते आणि सोबत पथ्यही सांगते. तेल नको, हळद नको, तळलेलं नको, मटण नको. पारूबाई पथ्याला पक्की. तिनं भाजीत फोडणी बंद केली, चटणी बंद केली, टोळीत बोकड पडला त्या दिवशी नुसत्या भाकरीवर राहिली. आणि संध्याकाळी मेढीला टेकून औषध घेत राहिली. ते बंद कर असं म्हातारीनं सांगितलं नव्हतं. बाईला कोण कशाला सांगेल.

चार-सहा दिवसांनी मी कोपीवर गेले. माळ खाली सरकत आली होती खरी, पण पोटाशी येऊन अडली होती. पारूबाईचं पोट पुढं आलं होतं, आणि माळ त्यावर ताणून बसली होती. सोनाली सासूच्या पोटाकडे बघत होती आणि सासू सुनेच्या. पारूबाईच म्हणाली, "आमा दोघींतली पोटुशी कोन, त्ये वळखा." हसली, पण हसताना तिला धाप लागली.

मी गाडी काढली. भीमराव, तिचा नवरा, पुढं बसला. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण बाई होत्या, चटपटीत. त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, पाणी कुठलं पिता ते विचारलं, टोळीत आणखी कुणाला कावीळ आहे का ते विचारलं. मग भीमरावाकडे वळल्या. तुम्ही पिता का? त्यानं मान खाली घातली. त्यावर बाईंनी त्याला असं काही झाडलं की बाहेरच्या रांगेतली माणसं आत डोकावली. पारूबाई खाटेवर पडल्या पडल्या खुशीत ऐकत होती. ते संपलं, बाई चिठ्ठी लिहायला लागल्या, आणि तिला कुणी काही विचारलंच नाही.

मी म्हटलं, मॅडम, हिलाही विचारा.

पारूबाईनं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. "मी दारू पेत न्हाई," ती म्हणाली.

"मग संध्याकाळी पेल्यात काय असतं?"

"औशिद असतं. सांगितलंया की तुमाला."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज एकदम उतरला. किती वर्षं, रोज का, किती, असं त्या एकेक विचारत गेल्या, आणि पारूबाई आधी तोऱ्यात आणि मग हळूहळू सांगत गेली. पहिल्यांदा सासूनंच दिली होती, दत्ता अंगावर पीत असताना.

भीमरावाला हे पटेना. तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, मी हिच्या तिप्पट घेतो. मला काय झालं न्हाई. हिला कसं व्हईल?"

त्यांनी त्याला समजावलं ते मला अजून पाठ आहे. म्हणाल्या, एक पेला हौदात ओता आणि एक पेला घागरीत ओता. पेला तेवढाच, पण घागरीतलं पाणी कडक होतं. बाईच्या अंगात मुळात पाणी कमी, ती अंगानं लहान, आणि दारू पचवायची तिच्या शरीराची रीतही वेगळी. म्हणून पुरुषापेक्षा कमी पिऊन, कमी वर्षांत तिचं लिव्हर जातं. हिच्या पोटात साठलंय ते पाणी त्याचंच आहे. "तुमचंही जाणार आहे, दादा. फक्त हिचं आधी गेलं." मग म्हणाल्या, गरोदर बाईनं तर थेंबही घ्यायचा नाही, तो नाळेतून सरळ बाळाला पोचतो.

पारूबाईनं तोंड भिंतीकडे केलं.

तिला ठेवून घेतलं. दारू एकदम घरच्या घरी सोडायची नाही, हेही मला तिथंच कळलं. रोजचं पिणं अचानक थांबलं तर झटके येऊ शकतात. दोन दिवस पारूबाईचे हात असे थरथरत होते की पेजेची वाटी मीच धरली. चादरीवर मुंग्या आहेत म्हणायची आणि झटकत राहायची. भीमराव बाहेर पायरीवर बसून राही. तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आल्यासारखी झाली आणि पहिलं वाक्य बोलली ते माझ्यावर होतं. "वहिनी, तुमी लई चुगलखोर."

"आहेच मी."

"तशाच ऱ्हावा."

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. लिव्हरचं जे गेलं ते सगळं परत येणार नाही. उरलंय ते राखलं तर ती जगेल. पुन्हा प्यायली तर पुढच्या हंगामाचं सांगता येत नाही. पारूबाईनं ते ऐकून घेतलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, "अर्ध्या भाकरीवर बी दिस निघतो की."

आम्ही कोप्यांजवळ पोचलो तेव्हा टोळी नुकतीच फडातून आली होती. पारूबाई आजारी म्हणून तिच्या वाट्याच्याही मोळ्या सोनालीनं वाहिल्या होत्या. आणि ती पोर, पोटाशी एक हात धरून, मेढीला पाठ लावून उभी होती. दुसऱ्या हातात सासूचा पेला.

मला वाटलं पारूबाई ओरडेल. ती हळूच खाली उतरली, चालत गेली, तिच्या हातातून पेला काढून घेतला आणि चुलीच्या राखेत ओतला. सोनाली रडकुंडीला आली. "आत्या, पाठ मोडायला लागलीया माजी. हुभ्यानं घेतलं तर औशिद असतं, तुमीच म्हनता न्हवं?"

पारूबाईनं रिकामा पेला पालथा घातला आणि काटवट पुढं ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. ताक नको म्हणाली. "औशिद वतून दिलं, वहिनी. पन दुखनं ठेवायचं कुठं?" मग दारावरच्या कागदाकडे बोट करून म्हणाली, "तुमच्या त्या कागदावर बसंल का बघा."

मी लिहिलं. मला येतं ते मी केलं. आमच्या गच्चीवर सोलरचं पाणी असतं, त्याची नळी गोठ्यामागं नेली, आडोशाला जुन्या साड्या लावल्या, आणि संध्याकाळी टोळीतल्या बायकांनी एकेकीनं येऊन कढत पाण्यानं अंग शेकायचं असं ठरवलं. पहिल्या दिवशी सगळ्या लाजल्या, दुसऱ्या दिवशी रांग लागली. पारूबाई बघून गेली. म्हणाली, पाणी झ्याक हाय. पण आधी एवढं दुखवून घ्यायचं आणि मग शेकायचं, ह्यात काय अक्कल? दुखणं जिथून येतं तिथंच काहीतरी केलं पाहिजे.

आणि ती फडात जाऊन बसली. काम करायचं नाही असं तिला बजावलं होतं, बसू नको असं कुणी म्हटलं नव्हतं. बांधावर पाचटाचा ढीग करून त्यावर ती बसली आणि बायकांना सांगू लागली, मोळी बारीक बांधा. निम्मी बांधा. आणि सोनालीनं फक्त बांधायची, उचलायची नाही. फळीवर गडी चढतील.

त्या संध्याकाळी मीही तिथं होते, कारण ऊस आमचा होता. बारीक मोळ्या म्हणजे जास्त खेपा. ट्रॉली भरेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मुकादम तणतणत आला. कारखान्यावर नंबर जाईल, हे काय नवीन काढलंय, आजारी आहेस तर कोपीवर पड, असं बरंच बोलला. पारूबाई ढिगावरून उठली नाही. तिचा चेहरा अजून पिवळाच होता.

"ट्राली भरंल," ती म्हणाली. "उशिरा भरंल पन भरंल. ह्या पोरीचं पोट आदीच भरल्यालं हाय, मुकादम. त्याच्यावर तुमचं वझं न्हाई चढायचं."

मुकादम दत्ताकडे बघायला लागला आणि दत्ता बापाकडे. भीमरावानं कोयता खाली ठेवला. डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवली, मोळी घेतली आणि फळीवर पाय ठेवला. मधेच तोल गेला, तसा खालचा एक जण हसून म्हणाला, भीमा बाई झाला रं. भीमराव वर पोचला, मोळी टाकली, खाली आला, दम घेतला आणि म्हणाला, "आदी हो तर बाईएवढा. मग बोल." दत्तानंही मोळी उचलली. मग आणखी एका-दोघांनी. सगळ्यांनी नाही. ट्रॉली दिवे लागल्यावर गेली. आमच्या ह्यांनी ड्रायव्हरला चहा पाजून गप्प केलं.

सगळं लगेच सुधारलं असं मी म्हणणार नाही. काही कोप्यांत पेला चालूच राहिला. शिमग्याला पारूबाईचाही तोल गेला. सकाळीच ती दारात उभी. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "काल घेतली. बसून घेतली. औशिद म्हनले न्हाई." मी तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. वाटेत तिला वाटत होतं, आता डॉक्टरीण हाकलून देईल. डॉक्टरबाईंनी हाकललं नाही. घसरता म्हणजे चालताय, एवढंच म्हणाल्या आणि पुढची तारीख दिली. गावी गेल्यावर जामखेडच्या दवाखान्यात दाखवायचा कागदही दिला. परत येताना गावाजवळ पारूबाई म्हणाली, डॉक्टरीण रागावली असती तर बरं झालं असतं, राग काढायला पुन्हा प्यायले असते.

चैत्रात टोळी गेली. पावसाळ्यात दत्ताचा फोन आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मागून पारूबाईचा आवाज येत होता, वजन सांग, वजन सांग. वजन चांगलं होतं. मी तेही कागदावर लिहिलं आणि त्यावर रेघ मारली नाही.

दिवाळीनंतर ट्रॉली आली तेव्हा मी विहिरीवर होते. भीमराव उतरला, दत्ता उतरला, मग पारूबाई. पोट सपाट, गालाची हाडं वर आलेली, पण पाय पूर्वीसारखे पटपट पडत होते. जामखेडला दर महिन्याला जाते म्हणाली, आणि तिथं कुणी विचारायच्या आधी आपणच सांगते, दारू पेत होते म्हणून. "त्यास्नी विचारायला लाज वाटती," ती म्हणाली, "म्हनून मीच बोलते." ओझं उचलायला तिला कायमची बंदी होती. ती आली होती भाकरी करायला आणि कोप्यांतली लहान पोरं सांभाळायला.

टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. यंदा भीमराव आणि दत्ता, बापलेक मिळून एक कोयता झाले होते. एक तोडणार, एक मोळ्या बांधणार. मोळ्या कोण बांधणार, मी विचारलं. पारूबाईनं नवऱ्याकडे हनुवटी केली. "मालक. हात हायेत की त्यास्नी." सोनाली बाळाला घेऊन खर्ड्यालाच राहिली होती, शिवणाचा क्लास लावला होता.

सगळ्यांना हे रुचलं नव्हतं. टोळीत त्या वर्षी एक नवं लग्न झालेली पोरगी होती. पारूबाई पीठ मळत होती, तिच्याशेजारी ती पाण्याची कळशी घेऊन थांबली आणि म्हणाली, आक्का, तरणीताठी सून घरी बसवली आणि गड्याला मोळ्या बांधायला लावल्या, असं बायका बोलतात. काय झालंय तिला, काय दुखतंय का?

पारूबाईनं काटवटीतून हात काढला नाही.

"तिला काय बी दुखत न्हाई," ती म्हणाली. "म्हनून तर आनली न्हाई."